वळचणीचा कप

सलोमीबाई कसबे खोटं बोलत नाही, हे जळकोटच्या बाजूच्या त्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात सगळेच मानत. या मानण्यात कौतुक कमी आणि सोय जास्त होती. बांधावरून दोन घरांत जुंपली की ‘सलूबाईला इचारा, ती येशूची हाय’ म्हणून तिला साक्षीला ओढायचं, आणि काम झालं की तिच्या हातचं पाणी न पिता आपापल्या घरी जायचं. बाई पन्नाशी ओलांडलेली. वीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया होती. नवरा वारल्यावर गावी परतली आणि बाळंतिणींना, तान्ह्या पोरांना न्हाऊमाखू घालून पोट भरू लागली. गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर तिचं.

अशा या खऱ्या बाईनं प्रभुभोजन घेणं मात्र अकरा वर्षांपूर्वी सोडलं होतं. महामार्गावरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि पेला पुढं येण्याआधी पाळक विचारत, कुणाच्या मनात कुणाविषयी अढी आहे का? सलोमीबाईच्या मनात होती. मग ती गुपचूप उठून बाहेर चपलांपाशी जाऊन बसे.

ही अढी गावातल्याच इरम्माविषयीची. इरम्माचा नातू सलोमीबाईच्या हातावर जन्माला आला. दवाखान्याची गाडी वेळेवर आली नाही, नाळ गळ्याभोवती, पोर निळं पडलेलं. सलोमीबाईनं त्याच्या तोंडाला तोंड लावून वारा भरला, तेव्हा कुठं ते रडलं. तासाभरानं इरम्मानं तिला चहा दिला, तो छपराच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. वर म्हणाली, “इसळून तिथंच ठेव.” बाकीच्या घरांतही असे कप होतेच. पण त्या घरांत सलोमीबाईनं कुणाला आपला श्वास दिला नव्हता. तोंड चाललं, कप चालला नाही! तो चहा तिच्या घशाखाली उतरला, अपमान काही उतरला नाही.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला धनाजीची सून शिवलीला दिवसाढवळ्या दातखीळ बसून पडू लागली. हातांवर लाल चट्टे उठू लागले. दुभती म्हैस आटली तीही याच सुमाराला. गावानं लगेच भानामती ठरवून टाकली. बाहेरगावच्या देवरुष्यानं सांगितलं, उगवतीच्या घरातली, पांढऱ्या केसांची, नवरा नसलेली बाई. उगवतीला असं एकच घर होतं, इरम्माचं. तिचा मुलगा बसप्पा बायकापोरांना घेऊन पुण्याला कंपनीत, म्हातारी एकटी. पोलीस पाटलानं ‘याला कायदा हाय बरं’ एवढं सांगितलं आणि तो रानात निघून गेला.

शनिवारी सकाळी इरम्माला सामानासकट गावाबाहेर सोडायला ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली गेली. तेवढ्यात धनाजीच्याच मनात काय आलं कोण जाणे, त्यानं सलोमीबाईला बोलावणं धाडलं.

“सलूबाई, तुमी खोटं बोलत न्हाय,” तो म्हणाला. “तुमच्या येशूला इचारा आन् सांगा, ह्ये इरम्माचंच काम हाय का न्हाय?”

अंगण माणसांनी गच्च भरलेलं. चौघांनी मोबाइल वर धरलेले. सलोमीबाईनं डोळे मिटले, पण प्रार्थनेला शब्दच सुचेनात. डोळ्यांपुढं तो कप. आता तर खोटं बोलायचीही गरज नव्हती. ‘मला काय ठाव’ म्हणून नुसती मान खाली घातली असती तरी ट्रॉली भरली असती. अकरा वर्षांचं उट्टं आयतं निघत होतं. सैतान शिंगं लावून येतो अशी तिची लहानपणापासूनची समजूत. तो इतका सोयीचा होऊन दारात उभा राहील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. “प्रभू, मला आवर,” एवढंच ती पुटपुटली आणि शिवलीलाजवळ जाऊन तिनं पोरीचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

“नखात रगत हाय, बघा. खाजवून चट्टे उठलेत. झटक्याच्या डॉक्टरला दावा, धाराशिवला न्या. आन् लगीन होऊन सात महिने झाले, पोरीला एकदा तरी म्हायेरी धाडलं का?”

“म्हंजी इरम्मानं काय बी केलं न्हाय?”

“न्हाय.”

हे कुणालाच पटलं नाही. त्या घरचं पाणी पोटात गेलं की माणूस रगत ओकतो, अशी बोलवा उठलीच होती. “मग तिच्या हातचं पाणी पिऊन दावा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“चला,” सलोमीबाई म्हणाली.

इरम्मानं आतून कडी घातली होती. “अव्वा, दार उघडा. तान लागलीय, पाणी द्या,” अशी हाक दोनदा मारल्यावर म्हातारी तांब्या घेऊन ओसरीवर आली. डोळे गर्दीवर होते. आणि तिचा दुसरा हात, न बघताच, वळचणीकडं गेला. तिनं तोच कप काढला.

गर्दीत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सलोमीबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ‘घरातला पेला आणा’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं. या घडीला म्हातारीनं देवघरातलं भांडंसुद्धा आणून दिलं असतं. पण भ्यालेल्या माणसाकडून काढून घेतलेला पेला कसला पेला? सलोमीबाईनं तो कप घेऊन तांब्याखाली धरला. ती पाणी प्यायली, अजून मागितलं, तेही प्यायली, आणि ओसरीवर मांडी घालून बसली.

ती रगत कधी ओकते म्हणून लोक ऊन चढेपर्यंत वाट बघत राहिले. मग बायकांना चुली आठवल्या. धनाजीला ट्रॅक्टर दुसरीकडं न्यायचा होता. शेवटी ओसरीवर दोघीच उरल्या.

“तू माझं नाव का न्हाय घेतलंस गं?” इरम्मानं विचारलं.

सलोमीबाई खोटं बोलत नसे. “घ्यावं वाटलं व्हतं, अव्वा. लई वाटलं व्हतं.”

म्हातारीनं कशामुळं ते विचारलं नाही. मग तिनं सलोमीबाईच्या हातातला कप घेतला, मोरीवर नेला, अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं विसळला, आणि आणून परत वळचणीला खोचला.

दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. धनाजी सुनेला घेऊन सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेल्याचं सलोमीबाईला वाटेतच कळलं. चर्चमध्ये पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं मन चाचपून पाहिलं. अढी होती. थोडी सैल झालेली, पण होती. चांदीचा तो पेला एका ओठावरून दुसऱ्या ओठाकडं जात रांगेतून पुढं सरकत होता. प्रभू एवढ्यावर चालवून घेईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. ती उठली, दाराकडं न जाता पुढं गेली आणि रांगेत गुडघे टेकले.