सातव्या दिवसाचा वाद आणि मकेरिताआत्याचे नियम

सामोआतल्या आमच्या गावाचं चर्च सातवा दिवस पाळणारं. शनिवार म्हणजे शनिवार, त्यात वाद नव्हता. मग सरकारने नकाशावरची आंतरराष्ट्रीय तारखेची रेघ देशाच्या पलीकडे सरकवली, एक अख्खा शुक्रवार गायब झाला आणि माझ्या बाबांचं, म्हणजे फालानिकोंचं, डोकं फिरलं.

"बोटं मोजा," बाबा म्हणाले. "शुक्रवार गाळला, तर सातवा रविवारच येतो."

त्यांचा धाकटा भाऊ इओसुआकाका ब्रिस्बेनला असतो. त्याने गावाच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं, "दादा, भिंतीवर कॅलेंडर आहे. बघत जा." बाबांनी सगळ्यांदेखत त्याला आंधळा म्हटलं. त्यानंतर काकाने गावाला येणंच सोडलं.

मकेरिताआत्या या दोघांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, चटया विणून दोघांना वाढवलं. सत्तरीच्या जेवणाला दोन्ही भाऊ एका पंगतीत हवेत, एवढंच तिचं मागणं. "माझे किती दिवस उरलेत?" असं ती सगळ्यांना विचारायची. तब्येत ठणठणीत होती, पण धमकी म्हणून बरं.

ग्रुप तीच चालवायची. एका सकाळी तिने नियम टाकले. आमच्या गावसभेत भाषणाआधी बोलायचा मान कुणाचा यावरच घासाघीस होते; "तुम्ही बोला", "छे, तुम्ही" करत अर्धी सकाळ जाते. तेच तिने ग्रुपला लावलं. बायबलच्या वचनावर वाद घालायचा तर आधी मान मागायचा, मागताना समोरच्याच्या घराण्याची स्तुती करायची. प्रार्थनेच्या वेळी फोन बंद. आंधळा, बहिरा, सैतान हे शब्द बंद.

"मग सैतानाबद्दल लिहायचं कसं?" चर्चच्या एका कारभाऱ्याने विचारलं.

"तो ग्रुपात नाही. त्याच्याबद्दल लिही."

बाबांनी बाह्या सरसावल्या आणि तिथेच अडकले. "इओसुआच्या घराण्याची स्तुती? म्हणजे मी माझीच आरती ओवाळू?"

"नियम आहे," आत्या म्हणाली.

बाबांनी फोन हातात घेतला. मग लिहिलं, "ज्या आईने माशाचं डोकं, मानाचा तुकडा, नेहमी तुझ्या पानात वाढलं, तिचा तू मुलगा. मान तुझा."

काकाचं उत्तर आलं, "खोटं. डोकं तुझ्या पानात असायचं, दादा. मला शेपूट. मान तुझा."

"तुला ताप होता तेव्हा आई आठवडाभर झोपली नाही. मान तुझाच."

असं दिवसचे दिवस चाललं. वचन राहिलं बाजूला. ऑकलंडला राहणारी गावची मंडळी वाचून रडत बसली. कारभारी वचन हाताशी धरून ताटकळला, त्याला कुणी विचारेना. शेवटी दोघांनी एकच लिहिलं, "मान ताईचा." आमच्याकडे बहिणीचा शब्द भाऊ ओलांडत नाही. आत्या त्याचीच वाट बघत होती, हे मी शपथेवर सांगेन.

तिने लिहिलं, "सातवा कोणता ते मला कळत नाही. त्या दिवशी काम करायचं नाही, एवढं कळतं. इओसुआ, माझ्या सत्तरीला तू शुक्रवारी ये. शनिवार फालानिकोला कामाचा, तेव्हा स्वयंपाक त्याचा. रविवार तुला कामाचा, तेव्हा स्वयंपाक तुझा. मी दोन्ही दिवस पाळते."

काका आला. विमानतळावर दोघे एकमेकांकडे न बघता एकच पेटी दोन्हीकडून धरून चालत होते.

शनिवारी बाबांनी दगड तापवून डुक्कर भाजलं आणि काका पाय पसरून बसला. रविवारी काकाने नारळाच्या दुधात अळू शिजवलं. बाबांनी पहिला घास घेतला, चेहरा वाकडा झाला, तोंड उघडलं. आत्याने नुसतं बघितलं.

"इओसुआ," बाबा घास गिळत म्हणाले, "मान तुझा. तूच बोल."

काकाने चव घेतली. "खारट झालंय," तो म्हणाला, आणि बाबांनी आणखी वाढून घ्यायला आपलं पान पुढे केलं.