आणू दान

"खाली बस. दान उभ्यानं घेत नाहीत."

शेठ ओट्यावर होता, मी अंगणात. वाणगावच्या अलीकडचं आमचं गाव. सरकारी भातबियाणं वाटायचं काम शेठकडं होतं. मी बसले, पदर पसरला. त्यानं वरूनच पायली उपडी केली. अर्धं बी पदरात, अर्धं मातीत.

"वेच," तो म्हणाला.

मी वेचलं. ओट्यावरची माणसं हसत होती. माझे सासरे मागं टोपी काढून, हात जोडून उभे होते. मला शेठपेक्षा त्यांचाच राग आला.

साठ सालानंतरची ही गोष्ट. कूळकायद्यानं आमचा डोंगराकडचा तुकडा नुकताच सासऱ्यांच्या नावावर झाला होता. आधी तो शेठचा. सरकारी माणूस जीपवरच्या भोंग्यातून सांगून गेला, सुधारलेल्या बियाण्याला अनुदान आहे. हा शब्द आमच्या पाड्यावर कुणी ऐकलेला नव्हता. आम्हाला ऐकू आलं, आणू दान. शेठनं आमची चूक सुधारली नाही. "सरकार म्हणालं आणू दान, मी आणलं," असं तोच सांगत फिरला.

मला तेव्हाच खोट दिसत होती. जन्मभर ज्यानं ओरबाडलं, तो दान का करील? आणि सरकार तरी काय आपला मामा लागतं? तिकडं घिवलीच्या बाजूला सरकारी जीपा लोकांच्या जमिनी घ्यायला मोजत हिंडत होत्या. मोजणाऱ्याचा भरवसा नव्हता, वाटणाऱ्याचा त्याहून नव्हता.

भात कापून झालं आणि शेठचा माणूस दारात आला.

"गवत कापाया चला. मजुरी नाय. दान खाल्लंय ना?"

वेठ बंद झाली असं ऐकलं होतं. ती दानाच्या वाटेनं परत आली. आम्ही मुकाट गेलो.

त्या उन्हाळ्यात मी मासवणला माहेरी गेले. तिथं शाळेच्या पडवीत तेच बियाणं वाटत होते. माणसं उभी होती. गोणीत हात घालून, दाणा दातांनी फोडून बघत होती. मी भावाला विचारलं, "दादा, हितं दान बसून नाय घेत?"

"दान कसलं, बाय? अर्धी किंमत सरकार भरतं, अर्धी आपण. इकत घेतो आमी."

अर्धी किंमत आम्हीही भरली होती. शेठ तिला गाडीभाडं म्हणाला होता. म्हणजे पैसे मोजून आम्ही भीक मागितली होती. रात्रभर अंगाची आग होत राहिली.

पुढच्या पेरणीला पुन्हा तेच अंगण. मी पैसे ओट्यावर ठेवले.

"खाली बस."

"नाय बसणार. इकत घेते मी. पायली माझ्या हातात द्या."

सासरे मागून पुटपुटले, "बस गं बाय. बी नाय मिळायचं."

आणि मिळालं नाहीच. शेठनं पायली परत गोणीत ओतली. "जा, सरकारला सांग."

मी पैसे उचलले. रोपांसाठी भाजलेल्या राबावर घरचं जुनं बी टाकलं. पीक बेताचंच आलं, पेजेवर दिवस काढावे लागले. मग गवत पिकलं आणि शेठचा माणूस पुन्हा आला. मी विळा हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले.

"औंदा कुणाचं दान खाल्लं आमी? सांग."

तो सासऱ्यांकडं बघत राहिला. सासऱ्यांनी टोपी डोक्यावरून काढली नाही. तो गेला.

आता ते शेठ नाहीत, नवे आले. वाटपं चालूच आहेत. कुणी काही द्यायला आलं की मी आधी त्याचा हात बघते. हात माझ्या डोक्याच्या वर असेल, तर मला नको. उपाशी राहीन. खाली बसणार नाही.