पोस्टरातलं पाणी

आचऱ्याच्या तिठ्यावर माझ्या चुलतभावाचं गेमचं दुकान होतं. ते बंद पडलं, तेव्हा गावाने खापर त्याच्या मशीनवर फोडलं. ते माझ्या डोक्यावर फुटायला हवं होतं. कसं, ते इतकी वर्षं त्याच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, म्हणावं लागायचं म्हणून. तो बोटीवर खलाशी होता. पाय अधू झाल्यावर कायमचा परत आला, तो परदेशातल्या बंदरावरून दोन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची मशीनं, घेऊनच. दोन टीव्ही, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला टेकलेली पोरांची रांग. "अस्सल माल आसा. बॉक्सासकट हाडलंय," हे तो येईल त्याला ऐकवायचा.

मी तेव्हा मुंबईत एका लहानशा कंपनीत होतो. दुसऱ्यांच्या गेमसाठी जाहिरातीची चित्रं तयार करायची, हे आमचं काम. चित्राखाली छापलेलं असायचं, गेममधलं प्रत्यक्ष दृश्य. प्रत्यक्ष म्हणजे काय, ते आम्ही ठरवायचो. ऑफिसातल्या दणकट कॉम्प्युटरवर गेम मध्येच थांबवायचा. खेळणाऱ्याला जन्मात नेता येणार नाही अशा जागी कॅमेरा न्यायचा. चित्र कितीतरी पट मोठं काढून मग लहान करायचं, म्हणजे कडांचे करवतीसारखे दाते दिसेनासे होतात. उरलंसुरलं हाताने. बोटींच्या शर्यतीचा एक गेम होता, त्याचं पाणी मी दोन दिवस रंगवत बसलो होतो. फेस, उडालेले थेंब, थेंबाथेंबात ऊन. खाडीच्या तोंडाशी वारं फिरतं तेव्हाचं आमचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून केलं. चांगलं जमलं होतं. त्याचा अभिमान मला अजून वाटतो, हीच तर पंचाईत आहे.

दादाला माझ्या कामाचं हसू. गावी गेलो की चारचौघांत विचारायचा, "काय रंगाऱ्या, किती डबे संपयलंस?" मीही हसायचो आणि आतून जळायचो. त्या बोटींच्या चित्राचं पोस्टर निघालं, त्याची एक प्रत त्याला मुद्दाम पाठवली. बघ म्हटलं, रंगारी काय करतो ते. त्याने ती दुकानाच्या दारावर चिकटवली आणि तो गेमही मागवून घेतला.

मे महिन्यात मी गावी पोचलो, तर दुकानात भांडण पेटलेलं. पोरं सगळी मासेमारीच्या घरची. पाण्याच्या बाबतीत त्यांना कोण फसवणार? एक जण टीव्हीकडे बोट दाखवून ओरडत होता, "ह्या पाणी? ही तर निळी ताडपत्री!"

"दारार पाणी, भितुर ताडपत्री," दुसरा म्हणाला. "मशीन डुप्लिकेट आसा."

आरडाओरडा ऐकून मोठी माणसं दारात जमली होती. त्यातल्या एकाने दादाला विचारलं, "परदेशातसून हाडलंस म्हणतंस, काय मुंबयच्या फुटपाथावरसून?"

एवढ्यात दादाने मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. "ह्यो बघा इलो. हेनाच केल्यान तो फोटो. सांग रे हेंका, फोटो रंगयलेलो आसा. मशीन खरा आसा."

एवढंच सांगायचं होतं. कामाचं बाहेर बोलणार नाही असं मी कंपनीला लिहून दिलं होतं, म्हणून गप्प बसलो, अशी समजूत मी पुढे स्वतःची घालत राहिलो. ती खोटी आहे. त्या घटकेला मला कंपनी आठवलीसुद्धा नव्हती. आठवलं ते "रंगाऱ्या".

"फोटोक मी हात लावूक नाय," मी म्हणालो. "खऱ्या मशीनार असोच दिसता."

दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी वरून घातलं.

दादा अधू पाय ओढत माझ्यासमोर आला. मग म्हणाला, "मेल्या, देवळात चल."

आमच्याकडे वाद मिटेना की देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि जमलेले दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. टीव्हीतल्या पाण्याचं गाऱ्हाणं म्हटल्यावर गुरवालाही हसू आलं असणार, पण दादाकडे बघून त्याने ते गिळलं. "बा देवा, ह्या दोघां भावांतलो जो खोटो बोलता, तेका उघडो पाड रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. दादाकडे बघत, त्याच्यापेक्षा मोठ्याने.

देवाने काही केलं नाही. गावाने केलं. कंपनीतला माणूस देवळातही शब्द मागे घेत नाही, म्हणजे मशीनच खोटं. पोरं मालवणच्या दुकानात जाऊ लागली. तिथेही ताडपत्रीच असणार, पण तिथे दारावर माझं पोस्टर नव्हतं. पावसाळा संपायच्या आत दादाने दुकान बंद केलं. त्याला 'डुप्लिकेट' हे नाव पडलं. लोक मागून नाही, तोंडावर हाक मारायचे.

तीनेक वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि एका सकाळी त्याच्याकडे गेलो. तो मागीलदारी नारळ सोलत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की फोटो मी रंगवला होता.

त्याचा हात थांबला नाही. "माका काय नवीन सांगतंस? मशीन माझा, माका ठावक नाय?"

"दादा, चुकलो."

"दादा म्हणू नको." आणखी एक नारळ सोलून झाला. "मी काय तुझ्याकडे खोटो पडलंय? तिठ्यार जा. जेंच्यासमोर बोललंस, तेंका सांग."

"जातंय."

"कसो जातंस तो बघतंय."

मी गेलो. तिठ्यावरच्या हॉटेलात सात-आठ जण बसले होते. त्यातले तिघे त्या दिवशी दुकानाच्या दारात उभे असलेले. मी चहा मागवला. तिघांतल्या एकाने विचारलं, "कधी इलंस? डुप्लिकेट काय म्हणता?" सगळे हसले.

मीही हसलो. मग बस आली आणि मी तिच्यात बसलो. मी हसलो, हे संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर गेलं असणार.

हे छापून आलं की एक प्रत त्या हॉटेलात पाठवणार आहे. टपालानेच. स्वतः जाऊन वाचून दाखवायची हिंमत अजून नाही.