शाईवरचा आळ

"कॉन्टॅक्ट डर्मटायटिस," नांदेडचे डॉक्टर माझा हात उलटासुलटा करून म्हणाले. म्हणजे कातडीला न सोसणारी वस्तू सारखी लागून उठणारं पुरळ. "हातानं काय काम करता?" मी तोंड उघडायच्या आधी आमचे मालकच बोलले, "कागदावर ठसे उठवती. दिवसभर शाईत हात." झालं! डॉक्टरांनी सांगून टाकलं, शाई बंद.

मला तिथंच शंका आली. हे दोघं आधीच बोलून बसलेत.

पत्त्याच्या पानाएवढ्या कागदावर मी चित्रं करते. खोडरबर कोरून ठसा करायचा, शाईत दाबून उठवायचा, कडेनं पेनानं मनाला येईल ती वेलबुट्टी काढायची. लेक सासरी गेल्यापासून माझा जीव त्यातच रमतो. मालक त्याला रिकामटेकडा उद्योग म्हणत. "कवा बघावं तवा चितरून राहिली!"

बोटं पहिल्यांदा खाजली तेव्हा मात्र त्यांनीच बाजारातून रबरी हातमोजे आणले. "शाई काढायला साबणानं लई घासू नको. हे घाल." मी ठसे उठवताना, भांडी घासतानाही घालू लागले. तरी पुरळ मनगटापर्यंत चढलं, चिरा पडल्या, पाणी सुटलं. चहा पुढे केला की शेजारीण म्हणायची, "नको, आत्ताच घेऊन आले." तिला महारोग वाटत होता, हे न कळायला मी काय दुधखुळी आहे? लई लागलं मनाला.

शाई बंद केली. मालकांनी डबा माळ्यावर टाकला, तेही लगबगीनं. माझा संशय पक्का झाला. पण हात बरा व्हायचं नाव घेईना, उलट पुरळ वाढलं. मी साबण बदलला, भांड्याची पावडर बदलली, कोथिंबिरीवरसुद्धा संशय घेतला. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "लातूरला जाऊन पॅच टेस्ट करा."

पॅच टेस्ट म्हणजे संशयित वस्तू थोड्या थोड्या घेऊन छोट्या चौकोनांत पाठीवर चिकटवायच्या, दोन-तीन दिवसांत कुठं लाल होतं ते बघायचं. तोवर पाठीला पाणी नाही, घाम नाही. लातूरच्या उन्हाळ्यात! बहिणीच्या घरी पंख्याखाली पालथी पडून राहिले. माझ्या शाया मीच पिशवीत घालून नेल्या होत्या, मालकांच्या हाती दिल्या नाहीत. नर्सबाईंनाही दोनदा विचारलं, निळी नक्की लावली ना?

निकालाच्या दिवशी बाकावर मालक शेजारी बसले होते. मी शायांची पिशवी दोघांच्या मधे ठेवली. शाईखाली लाल निघालं तर घरी जाऊन करायचं काय? नुसत्या भिंती बघायच्या?

डॉक्टरीणबाईंनी पाठ नीट बघितली. "शाईचं काहीच नाही. लाल झालंय ते रबरातल्या रसायनांखाली. साबणानं घासून सुरुवात झाली असेल, पण वाढवलं रबरानं. हातमोजे वापरता का?"

मालकांचं तोंड एवढंसं झालं. "म्याच आणले होते ओ," ते म्हणाले. मला हसू आलं आणि रडूही. एवढे दिवस ह्या माणसावर डूख धरला, आणि तो बिचारा माझे हात वाचवायला बघत होता.

"मग माझे ठसे?" मी विचारलं.

"खोडरबराला बोट लागू देऊ नका."

मोजे फेकले, मलम लावलं, हात हळूहळू भरून आला. तुमचेही हात असे चिरले तर मनानंच कुणावर आळ घेऊ नका, डॉक्टरांना ह्या टेस्टचं विचारा.

एका दुपारी बघते तर मालक माळ्यावरचा डबा घेऊन गॅलरीत बसलेले. फेकायला काढला की काय! मी धावतच गेले. तर ते एकेका खोडरबराला लाकडी ठोकळा चिकटवून राहिले होते, माझं बोट लाकडालाच लागावं म्हणून. माझा पोपटाचा ठसा मात्र कोरलेल्या बाजूनंच डिंकात बसवला होता.

"चुकलं का गं?"

"न्हाई ओ," मी म्हटलं, आणि नवा पोपट कोरायला घेतला. मी कोरत होते, तेव्हा खोडरबर त्यांनी धरलं होतं.