उंबराचं पाणी

अंधेरीच्या गावठाणातली विहीर आटली, तीही भर पावसाळ्यात. गल्लीत गुडघाभर पाणी आणि विहिरीच्या तळाला कोरडा दगड! का, ते कुणालाच कळलं नाही. पण म्हणून तोंडं थोडीच बंद राहतात? आयडाचा नवरा फ्रेडी म्हणायचा, टॉवरवाल्यांनी खोदून झऱ्याची वाट तोडली. पुतण्या शेर्विन म्हणायचा, खडकाला तडा गेला असणार. म्हाताऱ्या म्हणायच्या, गावाला कुणाचा तरी तळतळाट लागला.

आयडाला एकच ठाऊक होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत या विहिरीवर येतात आणि इथून नेलेल्या 'उंबराच्या पाण्या'नं नवरीला आंघोळ घालतात. तिची आई, सासू, ती स्वतः, सगळ्या याच पाण्यानं न्हाल्या होत्या. आणि आता तिच्या जॅकलिनचं लग्न उद्यावर आलं होतं.

म्हणून सकाळी तिनं अख्खा टँकर विहिरीत ओतून घेतला. संध्याकाळी बँड वाजवत सगळे आले. आयडानं कळशी खाली सोडली, आणि ती ठण्णकन दगडावर आपटली.

"अरे, टँकरभर पाणी गेलं कुठं?" फ्रेडी ओरडला. झालं, पुन्हा टॉवर, तडा आणि तळतळाट सुरू.

"कारण सापडलं तर त्यानं पोरीला न्हाऊ घालू काय रे?" आयडा किंचाळली. बँडही थांबला.

"वाजवा!" म्हणत तिनं रिकामी कळशी डोक्यावर घेतली, आणि पाणी सांडू नये म्हणून चालतात, तशी जपून जपून घरापर्यंत चालत गेली.