ओली भिंत

पडेगावच्या भिल्ल वस्तीतल्या सगुणाबाई लहानपणापासून भिंती सारवून त्यांवर चित्रं काढतात. एका संस्थेनं तिथं आदिवासी चित्रकलेचा वर्ग काढला. शिकवायचं काम त्यांना हवं होतं. पण शाळा शिकलेल्या नाहीत म्हणून त्यांना विद्यार्थ्यांत बसवलं. शिकवायला शहरातून मंजुषा आली. तिनं वर्गाच्या भिंतीवर ताज्या सारवणावरच मोर रंगवला.

"पोरी, भिंत ओली हाय. दोन दिस थांब."

"मावशी, संस्थेचे पाहुणे उद्या येणारेत!"

सकाळी मोराचे पोपडे पडले. मग पाहुण्यांना सगुणाबाईंच्या घराची भिंत दाखवली. सत्कार मंजुषाचा झाला. सगुणाबाईंना प्राथमिक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं.

दिवाळीत मंजुषा ते भिंतीवर चिकटवून द्यायला त्यांच्या घरी आली. सारवण ताजं होतं.

"दोन दिस थांब," सगुणाबाई म्हणाल्या.

या वेळी ती थांबली.