वाढत्या अंगाचं धनुष्य

आमच्या साडूंनी आयुष्यात एकच गोष्ट घाईत केली, ती म्हणजे माझ्या मेव्हणीशी लग्न. आणि त्याबद्दलही ते अधूनमधून "त्या वेळी आणखी दोन स्थळं बघायला हवी होती, निदान कंपॅरिझन तरी झालं असतं," असं तिच्या तोंडावर बोलून दाखवतात. दुबईतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते पर्चेस ऑफिसर होते. तीन कोटेशनं आल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही, हा तिथला नियम. इतर लोक असले नियम संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी येतात. साडू ते डब्याच्या पिशवीतून घरी आणत. एका वर्षी गणपतीला मोदकाच्या पिठासाठी त्यांनी बर दुबई भागातल्या तीन दुकानांतून पावपाव किलोचे नमुने आणले, तिन्हींची उकड काढायला लावली आणि कागदावर रकाने आखून चव, रंग, चिकटपणा यांना गुण दिले. निकाल लागला तेव्हा गणपतीचं विसर्जन होऊन चार दिवस झाले होते.

अशा माणसाकडे त्याच्या मुलीने धनुष्य मागितलं. मुग्धा तेव्हा नऊ वर्षांची होती. एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आमची दोन्ही कुटुंबं वाळवंटात सहलीला गेली होती. उंटावर बसणं, मेंदी, खजूर अशा कार्यक्रमांच्या एका कोपऱ्यात धनुष्यबाणाचा खेळ होता. मुग्धाने तिसऱ्या बाणात फुगा फोडला, चौथ्यात दुसरा फोडला आणि मग येऊन बापाचा शर्ट धरला. "बाबा, आय वॉन्ट वन. अ रिअल वन." साडूंचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, हे आता थेट दुकानातच जातात. पण ते म्हणाले, "घेऊ. नीट बघून घेऊ." हे वाक्य ऐकलं की त्या घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. मेव्हणीने माझ्या बायकोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "झालं. आता हिच्या लग्नात रुखवतात ठेवू."

शिक्षा मात्र झाली मला. आम्ही शारजात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि दोघांची ऑफिसं दुबईत, त्यामुळे रोज एकत्र जाणं. गाडी माझी, पेट्रोल निम्मंनिम्मं आणि बोलणं संपूर्ण त्यांचं. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास गाड्यांच्या रांगेत अडकून मी सहा वर्षं धनुर्विद्या शिकलो, एकदाही बाण हातात न धरता. त्यांना साधं धनुष्य नको होतं, कंपाउंड बो हवा होता. म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य. दोरी ओढताना आधी जड जाते, मग चाकं फिरली की बराचसा भार उतरतो आणि नेम धरून निवांत उभं राहता येतं. "म्हणजे नोकरीत कन्फर्म झाल्यासारखं," मी म्हटलं. साडू हसले नाहीत. तांत्रिक विषयावर ते कधीच हसत नसत.

त्यातही शिकारीचं धनुष्य आखूड, कारण झाडाझुडपांत अडकायला नको. नेमबाजीचं लांब, कारण हात स्थिर राहायला हवा. साडूंना दोन्ही कामांना चालेल असं एकच हवं होतं.

"अहो, शिकार कोण करणार?" मी विचारलं. "तुम्ही केकमध्ये अंडं आहे का म्हणून बेकरीवाल्याला तीनदा विचारता."

"ऑप्शन असावा हो. उद्या लागलं तर?"

"उद्या लागलं तर काय, ससा मारून त्याची उसळ करणार? आणि इथे शिकार करून तर बघा, दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानात बसवतील."

"तुमचं हे असं," साडू शांतपणे म्हणाले. "तुम्ही पाच मिनिटांत वस्तू घेता आणि पाच वर्षं रडता." हे खरं होतं, कारण ज्या गाडीत आम्ही बसलो होतो तिचा एसी दर उन्हाळ्यात बंद पडायचा. पण माणूस खरं बोलला म्हणून त्याचा राग येत नाही असं थोडंच आहे?

मग रंगाचा प्रश्न आला. शारजातल्या ज्या दुकानात ते दर महिन्याला जाऊन काहीही न घेता परत यायचे, तिथे एक साधं काळं धनुष्य होतं आणि एक हिरव्या-तपकिरी पानांच्या नक्षीचं, जंगलात लपून बसायला सोयीचं. चार महिने घोळ घालून साडू पानांच्या नक्षीवर आले. ज्या देशात नगरपालिका एकेका झाडाला नळी लावून पाणी पाजते, तिथे ही पानं कशात लपणार, हे मी विचारलं नाही. त्या दुकानातला केरळचा सेल्समन, कुट्टी, याच्या सहनशीलतेला मात्र मी मनातल्या मनात नमस्कार करत असे. साडू आत शिरले की तो न सांगता चहा मागवायचा आणि म्हणायचा, "सर, आज लेना है या देखना है?" साडू म्हणायचे, "आज देखना है." सहा वर्षं हाच संवाद.

दोरी किती जड असावी हे ठरवायला त्यांनी पाउंडांचे किलो केले आणि किलोंचा तांदूळ. चाळीस पाउंड म्हणजे अठरा किलो, म्हणजे बासमतीच्या मोठ्या पोत्यापेक्षा दोन किलो कमी. तेव्हा पोत्यातून दोन किलो तांदूळ काढून त्यांनी त्याला दोरी बांधली आणि स्वयंपाकघरात एका हाताने ते छातीपर्यंत ओढलं. पुढचे पंधरा दिवस त्यांचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि ऑफिसात "घसरून पडलो" असं सांगायची ताकीद मला होती. हात बरा झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की मुलीला तीस पाउंड पुरेत.

सगळ्यात महत्त्वाचं माप हाताचं. दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं. जो आकडा येईल तेवढी दोरी मागे आली पाहिजे, ना कमी ना जास्त. हे कळल्यापासून साडूंच्या खिशात टेप आली. त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला प्रसाद घ्यायच्या आधी आम्ही सात-आठ बाप्ये भिंतीला पाठ लावून हात पसरून उभे होतो, पोलिसांनी झडती घ्यावी तसे. मुग्धाचं माप मात्र दर वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, हॉलच्या पडद्यामागच्या भिंतीवर. बोटांच्या टोकांशी पेन्सिलीच्या दोन खुणा आणि खाली वय. ती हात ताणून उभी राहायची आणि विचारायची, "बाबा, इज इट इनफ नाऊ?"

"अजून वाढतोय गं हात. आत्ता धनुष्य घेतलं तर पुढच्या वर्षी आखूड होईल."

पोर पुढच्या वर्षी पुन्हा हात ताणून उभी राहायची. मला तेव्हा साडूंचा खरंच संताप यायचा. दहा झाली, अकरा झाली, बारा झाली. तिरंदाजीच्या क्लबचं जुनंपुराणं धनुष्य घेऊन ती शुक्रवारी सकाळी नेम मारायची, तिच्या बरोबरीच्या मुली स्वतःची घेऊन यायच्या आणि हिचा बाप मागे खुर्ची टाकून ब्रोशर वाचत असायचा.

शेवटी ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा साडू कुट्टीला म्हणाले, "आज लेना है." कुट्टी चहा मागवायचा विसरला म्हणतात. पण सहा वर्षांच्या अभ्यासाचा शेवट साडूंनी काय केला असेल? मुग्धाचे पसरलेले हात भरत होते पासष्ट इंच, म्हणजे हवी होती सव्वीस इंचांची दोरी. साडूंनी घेतली अठ्ठावीसची. "वाढत्या अंगाचं घेतलंय," ते अभिमानाने म्हणाले. आपल्याकडे पोरांचा युनिफॉर्म घेतात, बूट घेतात, तसं या माणसाने धनुष्य घेतलं! कंपाउंड बो ना खाली दुमडून शिवता येत, ना पुढे कापूस कोंबता येतो. शिवाय त्यांच्या आणि माझ्या मेव्हणीच्या घराण्यात कुणाचे हात अठ्ठावीसला लागणारे सत्तर इंच भरल्याचं ऐकिवात नव्हतं.

पुढे एका शुक्रवारी मी मुग्धाला क्लबवर सोडायला गेलो. उन्हात ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आली होती. पाणी पिताना बाही वर सरकली आणि मला तिचा डावा हात दिसला. कोपरापासून मनगटाच्या जरा वरपर्यंत निळाकाळा पट्टा. दोरी दोन इंच जास्त मागे येत होती आणि दर बाणाला सुटताना हातावर फटका मारत होती.

"अगं, बाबांना सांग ना!"

"नो काका, प्लीज." तिने बाही खाली ओढली. "डोन्ट टेल बाबा. सहा वर्षं लागली त्यांना. ही वॉज सो हॅपी."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर गाडीत साडू दोरीच्या लांबीवर बोलायला लागले की मी रेडिओ मोठा करायचो.

आणि चमत्कार म्हणजे, पुढच्या सात-आठ महिन्यांत ते धनुष्य तिला खरंच बसलं. वळ गेले, बाह्या आखूड झाल्या, नेम सुधारला, एमिरेट्समधल्या शाळांच्या स्पर्धेत ती दुसरी आली. "बाबा, इट फिट्स नाऊ! माझा हात वाढला." साडू कप सरळ माझ्या घरी घेऊन आले. "म्हटलं नव्हतं? वाढत्या अंगाचं घ्यावं!" पुढचं दीड वर्ष हे वाक्य मी रोज दीड तास अधिक दोन तास ऐकलं. त्याआधीच्या सात-आठ महिन्यांत मला एकच दिलासा मिळाला होता, तो म्हणजे त्यांचा दात. त्याचं रूट कॅनॉल निघालं आणि त्यासाठी त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, अशी चारदा अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली. त्या चार संध्याकाळी मी एकटा, गाणी ऐकत, सुखाने ट्रॅफिकमध्ये अडकलो.

मुग्धा अठराची झाली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. धनुष्य सोबत नेलं. दोघांना एवढी मोठी जागा कशाला, म्हणून साडूंनी लहान फ्लॅट बघितला, अर्थात तीन बघून. जुना फ्लॅट रंगवून परत द्यायचा होता. आम्ही दोघेच हातात रोलर घेऊन लागलो. हॉलचा पडदा काढला आणि त्या खुणा दिसल्या. नऊ, दहा, अकरा, बारा, दरवर्षी बाहेर बाहेर सरकत गेलेल्या. चौदा आणि पंधरा जवळजवळ. आणि पंधरा, सोळा, सतरा, अठरा या चारही एकावर एक, एकाच जागी, पेन्सिलीने काळंकुट्ट झालेल्या.

"अहो, हिचा हात तर वाढलाच नाही," मी म्हटलं. "मग ते धनुष्य बसलं कसं?"

साडूंनी डब्यातला रंग ढवळला. मग म्हणाले, "सोळाव्या वाढदिवसाला माप घेताना बाही वर गेली. वळ दिसला. म्हणाली, बॅडमिंटन खेळताना लागलं. मी म्हटलं, बरं. आणि खूण केली तर तीही तिथेच. कुट्टी म्हणाला, सर, चाकावरचा एक तुकडा बदलला की दोरी कमी मागे येते, एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, एका दिवसात नको. अर्धा अर्धा इंच कर."

"अर्धा अर्धा... म्हणजे चार वेळा?"

"हो."

"म्हणजे तुमचं ते रूट कॅनॉल!"

"माझे सगळे दात शाबूत आहेत."

सहा वर्षं आणि वर तीन वर्षं मी या माणसाची टिंगल केली होती. "तिला सांगायचं तरी. चूक झाली म्हणायचं."

"तिने माझ्यासाठी वर्षभर मार खाल्ला हो," साडू म्हणाले. "तो फुकट खाल्ला, हे कसं सांगू?"

तेवढं बोलून त्यांनी रोलर रंगात बुडवला, पुसला, भिंतीसमोर धरला आणि तसाच खाली घेतला. मी म्हटलं, ही भिंत राहिली तर घरमालक डिपॉझिटमधून कापेल. "कापू दे," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. मग खिशातून टेप काढून त्यांनी पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजलं, टेप पुन्हा गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही भिंत राहू दे आज. नीट बघून करू." मी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.